पासपोर्टातला 'लेट' बरोबरच आहे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात एका वाचकाने आपल्या पत्रव्यवहारात भारतीय पासपोर्टाची चूक काढली. राष्ट्रपतींच्या नावाने छापलेल्या मजकुरात 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' आहे. 'लेट' म्हणजे परवानगी देणे, मग 'परवानगीशिवाय जाऊ द्या' ही कसली विनंती, असा त्यांचा सवाल. हाच शहाणपणा मी तरुणपणी करून बसलो होतो, म्हणून लिहितो.

न्यायमंदिरात कोर्ट भरत असे तेव्हा मी बाहेर टाइपरायटर मांडून दस्त टाइप करायचो. पहिल्याच वर्षी एका खरेदीखतात हे शब्द आले. वकीलसाहेब घाईत चुकले असणार म्हणून मी आपले सुधारून 'विथ लेट अँड विदाउट हिंडरन्स' केले. म्हणजे घेणाऱ्याला घर अडथळ्यासकट विकले! स्टँप पेपर फुकट गेला, पैसे माझ्या खिशातून.

त्यानंतर थोरली डिक्शनरी उघडली. जुन्या इंग्रजीत ही दोन निराळी क्रियापदे होती. 'लॅतन' म्हणजे सोडणे, जाऊ देणे. 'लेत्तन' म्हणजे अडवणे, खोळंबा करणे. बोलता बोलता दोघांचे रूप एक झाले आणि अर्थ मात्र समोरासमोर उभे राहिले. भुतामागे निघालेल्या हॅम्लेटला सोबती धरून ठेवतात, तेव्हा तो म्हणतो, मला जो 'लेट' करील त्याचेच भूत करीन. 1611 च्या इंग्रजी बायबलात पौल रोमकरांना लिहितो, तुमच्याकडे यायचे कितीदा ठरवले, पण आजवर 'लेट' झालो. म्हणजे अडवला गेलो. गंमत अशी की हे अडवणारे 'लेत्तन' निघाले मुळात 'मंद, उशिराचा' या अर्थाच्या शब्दातून. आपली गाडी 'लेट' होते तो शब्दही त्याच घरचा. देवनागरीत आपण दोन्ही सारखेच लिहितो, ते काही अगदीच वावगे नाही.

अडवणारा 'लेट' आता दस्तऐवजात उरलाय आणि टेनिसमध्ये. सर्व्हिस जाळीला चाटून योग्य चौकोनात पडली की पंच 'लेट' म्हणतात, सर्व्हिस पुन्हा. परवानगीचा तिथे काही संबंध नाही.

दुसऱ्याचे मात्र बरे चालले आहे. आमच्या दांडिया बाजारात 'टू लेट'ची पाटी, खाली 'भाडे आपवानुं छे'. मराठीतही 'जाऊ देणे' आणि 'भाड्याने देणे' दोन्हीकडे 'देणे'च. इथे इंग्रज आणि आपण सारखेच.

पासपोर्टाच्या त्याच पानावर हिंदी मजकूर आहे, त्यात 'बिना रोक-टोक' असे स्वच्छ छापले आहे. त्या वाचकांनी दुरुस्तीचा अर्ज अजून दिला नसेल, तर तेवढे कळवावे.

– एक निवृत्त टंकलेखक, दांडिया बाजार, वडोदरा