चित्रकला परीक्षेपुरती नको

संपादक महोदय,

कलेच्या नावाने होतात त्या स्पर्धा आणि वार्षिक कार्यक्रम. माझ्या वयाच्या मुलामुलींना मात्र रोज दहा मिनिटे चित्र काढण्याची सवय हवी आहे. त्यासाठी खिशात मावणारी कोरी वही आणि २बी ही मऊ, गडद पेन्सिल पुरते. नेहमीच्या एचबी पेन्सिलीची रेघ फिकट उमटते, मग हात जोर लावतो आणि कागदावर चरे पडतात. खोडरबर घरीच ठेवावे. चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी दुसरी काढली, की चूक किती झाली ते दिसते.

समोरचा साधा कप घ्या. बहुतेकांचे चित्र इथेच फसते, कारण आपण पाहतो कमी आणि आठवणीतला कप काढतो. वरून पाहताना कपाचे तोंड लंबगोल दिसते. त्याची दोन्ही टोके गोलसर असतात, अणकुचीदार नाहीत. तळ टेबलावर सपाट असतो म्हणून तो सरळ रेघेने काढला जातो, तेही चूक. तो नजरेपासून अधिक खाली असल्याने त्याचा बाक तोंडापेक्षा जास्त हवा. उंची-रुंदीचे प्रमाण पेन्सिल कपाच्या दिशेने समोर धरून मोजावे: एक डोळा मिटून, हात पूर्ण ताठ ठेवून. कोपर वाकले की माप बदलते.

शाळा-महाविद्यालयांनी या वह्यांना गुण देऊ नयेत. गुण आले, की मुले पाहणे सोडून तयार चित्रांची नक्कल करू लागतात.

एक तरुण वाचक