७२ धागे मोजून देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

‘क्वीन’ या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या लहानपणावरचे फलक सोलापुरात लागले आणि बिनचूक लागले, ते केवळ तुमच्यामुळे. आधी ज्या जाणकारांकडे मजकूर दिला होता, त्यांनी तो न वाचताच ‘छान आहे’ म्हणून परत केला. त्यात जन्म मुंबईचा होता, घराणं इराणी होतं आणि इंग्लंडला जाणं ‘करिअरसाठी’ होतं. तिन्ही चूक. पानभर मजकूर वाचायलाही ज्यांना वेळ नव्हता, त्यांचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही शिसपेन्सिल घेऊन ओळ न् ओळ तपासलीत. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. नाव फारुख बलसारा. आईवडील गुजरातकडचे पारशी. हजारेक वर्षांपूर्वी गुजरातेत येऊन गुजराती बोलू लागले ते पारशी. एकोणिसाव्या शतकापासून आले ते इराणी. धर्म एकच, पण वाट वेगळी, आणि दोघांना एका ओळीत कोंबलं की घरातली भाषा, जेवण, चालीरीती सगळंच चुकत जातं. जानेवारी १९६४ ला झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि जीव वाचवायला बलसारा कुटुंबानं लंडनजवळचं फेल्थम गाठलं. ‘करिअरसाठी’ हा शब्द तुम्ही दोनदा खोडलात, ते योग्यच केलंत.

पण खरे आभार मानायचेत ते धाग्यांचे. फलकावर ‘नवजोत झाली’ एवढंच होतं. नवजोत म्हणजे पारशी मुलाला धर्मदीक्षा देण्याचा विधी, हे मुलांना काय कळणार? तुम्ही पांढऱ्या लोकरीचे ७२ धागे मोजून दोन खुर्च्यांमध्ये ताणलेत. ही कुस्ती, म्हणजे पारशी कमरेला बांधतात ती पवित्र दोरी, नव्हे, नुसती मोजणी, हे आधी बजावलंत. यस्ना या पारशी प्रार्थनाग्रंथाचे अध्याय ७२, म्हणून धागेही ७२. सदरा, म्हणजे आत घालायचा पवित्र कपडा, त्यावरून कमरेला वेढे तीन. यंत्रमागावाल्यांच्या घरातली पोरं ती. ताणा बघताच पुढे सरसावली आणि स्वतः मोजू लागली. मंचावर मूठ उगारणारा गायक त्यांना ठाऊक होता. कमरेला कुस्ती बांधणारा मुलगा त्या दिवशी भेटला.

कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते. लोकर तुमची, दुपारही तुमची. सोलापुरात अशी माणसं आहेत म्हणून बाहेरच्या मोठ्या नावांवाचून आमचं अडत नाही.

पाचगणीच्या फलकाचं काम मात्र बाकी आहे. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत फारुख आठव्या वर्षी आला, पियानो शिकला, शाळेतच पाच जणांचा ‘द हेक्टिक्स’ बँड जमला आणि त्यात तो गायक म्हणून नव्हे तर पियानोवर होता, इथपर्यंत मजकूर तयार आहे. मुंबईतल्या नातेवाइकांकडे जाणाऱ्या सुट्ट्यांचा परिच्छेद अजून कच्चा वाटतो. छपाईला देण्याआधी तो तुमच्या पेन्सिलीखालून जाऊ द्या. येत्या शनिवारी संध्याकाळी घेऊन येतो.

आपले कृतज्ञ,
फलक मंडळी, सोलापूर