दूव्रचं रडार

नॉर्मंडी, फ्रान्स

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

खुशाली आईला फोनवर कळतेच, म्हणून थेट मुद्द्यावर येते. रविवारी दूव्रला जाऊन आले. जर्मनांचं महायुद्धातलं रडार केंद्र तिथे आहे, आता संग्रहालय केलंय. मैदानात 'वुर्झबुर्ग रीझे' उभं आहे : साडेसात मीटर व्यासाची जाळीची तबकडी, मागे माणसांची केबिन. तुम्हाला बघताक्षणी खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण आठवली असती.

लांबची टेहळणी फ्रेया रडार करायचं, पण त्याला उंची कळत नसे. म्हणून जर्मन जनरल कामहूबरच्या हवाई संरक्षणाच्या साखळीत प्रत्येक चौकीला एका फ्रेयाच्या जोडीला दोन रीझे. एक शत्रूच्या बॉम्बरवर रोखलेलं, दुसरं चक्क आपल्याच लढाऊ विमानावर. दोन्हींचे आकडे फोनवरून बंकरात यायचे. तिथे काचेच्या टेबलावर खालून प्रकाशाचे दोन ठिपके सरकवायचे आणि ते बघून अधिकारी वैमानिकाला रेडिओवर सांगायचा, डावीकडे वळ, अजून वर जा.

मला विचाराल तर यंत्र अव्वल, व्यवस्था कोती. एका चौकीला एका वेळी एकच शिकार जमायची. ब्रिटिशांनी हे हेरलं आणि मे १९४२च्या अखेरीस कोलोनवर हजारेक विमानं दाटीवाटीने एकाच वाटेने घुसवली.

पुढच्या वर्षी २४ जुलैच्या रात्री हॅम्बुर्गवर तर कहरच. वुर्झबुर्गची तरंगलांबी सुमारे ५३ सेंटिमीटर. तिच्या निम्म्या लांबीच्या, अ‍ॅल्युमिनियम चढवलेल्या पट्ट्यांचे गठ्ठे विमानांतून सोडले. या मापाची पट्टी तरंग जोरात परतवते, त्यामुळे पडद्यावर जिकडेतिकडे विमानंच विमानं! निघालेल्या ७९१ पैकी फक्त १२ परतली नाहीत. खाली शहराची त्या आठवड्यात राखरांगोळी झाली, त्यामुळे या युक्तीचं कौतुक तरी किती करायचं? आणि ती जर्मनांनाही ठाऊक होती. शत्रू उचलेल या धास्तीने दोघांनीही ती दडवून ठेवली होती.

युद्ध संपल्यावर या तबकड्या खगोलवाल्यांनी पळवल्या. १९५१ साली हॉलंडात कोटवाइकला अशाच एका रीझेने आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा २१ सेंटिमीटरचा संकेत टिपला. खोडदलाही हायड्रोजनचा माग काढतातच की!

विज्ञान दिनाच्या सुमारास जीएमआरटी लोकांना बघायला खुली असते, तेव्हा चिनूला नक्की न्या. तबकडी पत्र्याची न करता जाळीची का, हे त्याला तिथल्याच कुणाला तरी विचारू दे. तुम्ही आधी सांगू नका.

आईला सा. न.

तुमची,
शुभा