वाडा विकायचा नाही, असं मी कळवलं आहे

ती. बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि बाबा, तुम्ही ‘बघू’ म्हणून फोन ठेवला असता. म्हणून लिहून कळवते आहे. वाडा घ्यायला जे आले होते त्यांना मी ‘नाही’ सांगितलं. कागदावर चौघांची नावं आहेत, चौथी, म्हणजे माझी, सही मिळणार नाही, एवढंच बोलले. दादाशी आधी बोलणं झालं होतं. तो चिडला, मग बराच वेळ काही बोलला नाही आणि शेवटी म्हणाला, "आईच्या गुडघ्यांचं काय ते तू बघ." तेच बघते आहे.

नाशकातच गंगापूर रोडचा तो फ्लॅट तुम्ही मनात सजवून ठेवला होता, हे मला माहीत आहे. आईने तर पडद्यांचा रंगही वहिनीला सांगितला होता. त्या लिफ्टसाठी तुम्ही किती वर्षं वाट पाहिलीत, तेही ठाऊक आहे. जिना चढताना आई मधल्या पायरीवर थांबते आणि ‘काही नाही गं, पदर अडकला’ म्हणते, तेव्हा मला कळत नाही असं नाही. म्हणून आधी तुमचं काय होणार ते ऐका, बाकीचं नंतर.

तुम्हाला आता जिना चढायचाच नाही. माजघर आणि मागची पडवी मिळून तुमची खोली होईल. तिला लागूनच न्हाणीघर, खुर्चीचा संडास, दोन्ही बाजूंना धरायला दांडे, खडबडीत फरशी. उंबरा काढायचा नाही, पण त्याच्या दोन्ही अंगांना उतार करायचा. देवघर आहे तिथेच राहील, देवांचं तोंडसुद्धा बदलणार नाही. गरम पाणी नळाला येईल, बंब पेटवायला नको. बाबांची आरामखुर्ची चौकातल्या उजेडात. वरचा मजला माझा. हो, मी येते आहे. पुण्याची नोकरी सोडते आहे. हेही फोनवर सांगवलं नाही.

भिंतींची काळजी करू नका. सागवानी खांब धडधाकट आहेत, तुळयांची फक्त भिंतीत गेलेली टोकं कुजली आहेत. बाहेरून सिमेंटचा गिलावा केल्यापासून जुन्या विटांतली ओल आतच अडकते आणि लाकूड खाते. तेव्हा गावात सगळेच सिमेंट लावत होते बाबा, तुम्ही ते कष्टाच्या पैशातून केलंत, यात तुमचं काहीही चुकलेलं नाही. आता तो गिलावा काढून चुन्याचा करायचा, म्हणजे भिंत सुकत राहील. आणि पावसाळ्याआधी पालिकेची धोकादायक वाड्यांची नोटीस दारावर लागली की आईचा जीव खालीवर होतो, तेही थांबेल.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? बाबा, गंगापूर रोडला लिफ्ट आहे, पण खाली उतरून तुम्ही जाणार कुठे? इथून तुम्ही सार्वजनिक वाचनालयात, आपल्या सावानात, चालत जाता. १८४० पासूनचं ते वाचनालय तुमच्या सकाळच्या फेरीत बसतं. आईला पेठ-हरसूलकडच्या बायकांकडून शेवगा नाहीतर कंटोली हवी असली तर भद्रकालीचा बाजार हाकेवर आहे. पिंजारीचाचा सकाळी वाड्याच्या पुढच्या गाळ्यातल्या दुकानाची फळी उघडतात आणि तुम्ही दिसला नाहीत तर आत डोकावून जातात. मागच्या वर्षी बाबांना चक्कर आली तेव्हा रिक्षा कोणी आणली, ते आपण कोणीच विसरलेलो नाही. वाडा विकला असता तर चाचांचं दुकान गेलं असतं. त्यांना काहीतरी रक्कम मिळाली असती, पण तेवढ्यात या गावात दुसरा गाळा मिळत नाही.

मी करते आहे ते काम हेच आहे. गावातल्या गल्ल्या तिथे राहणाऱ्यांच्या सोयीने कशा नीट करायच्या, ते गल्लीतल्या लोकांबरोबर बसून ठरवायचं. शहराचं मध्य म्हटलं की लोकांना दगडी फरशी आणि शोभेचे दिवे आठवतात. मला आधी गटारांची झाकणं दिसतात. दहीपुलाखालचा सरस्वती नाला तुंबला की सराफ बाजारात पाणी शिरतं, म्हणून आधी पाण्याची वाट आणि मग फरशी. मग सावली. मग पाठ आणि हात असलेली बाकं, कारण हाताशिवाय आईसारख्या बाईला उठता येत नाही. बायकांसाठी स्वच्छ संडास. मालाचे टेम्पो सकाळी लवकर येऊन जावेत, दुचाक्या गावाच्या कडेला लागाव्यात. हातगाड्या उठवायच्या नाहीत. २०१४ च्या कायद्याने पथविक्रेत्यांच्या समितीत निदान ४० टक्के माणसं विक्रेत्यांनीच निवडून दिलेली असायला हवीत, त्यातल्या एक तृतीयांश बायका. त्यांना बाजूला ठेवून बाजाराचा नकाशा काढणं मला पटत नाही.

तिवंध्याची रहाड घ्या, रंगाच्या पाण्यात उडी म्हणजे धप्पा मारायचा तो जुना हौद. वर्षभर माती आणि रस्त्याखाली असते, रंगपंचमीला उघडते. कोणी वर जाड काँक्रीट ओतलं तर पेशव्यांच्या काळापासूनचे धप्पे तिथेच संपतील. ती कुठे आहे आणि कशी उघडतात, ते गल्लीतली म्हातारी माणसं सांगतात. इमामशाही भागात मोहरमला अळीव रुजवून केलेला हिरवा ताबूत निघतो, वाकडी बारवेपासून गणपतीची मिरवणूक निघते. कोपऱ्यावरचा खांब कुठे रोवायचा ते या दोन्ही वाटा बघूनच ठरवायला हवं. अहमदाबादला शिकत होते तेव्हा माणेकचौक पाहिला होता. सकाळी गुरांचा चारा, दिवसा सोनार, रात्री खाण्याच्या गाड्या. एकाच जागेला तीन वेळा तीन धनी, आणि एकही दुसऱ्याला हाकलत नाही. ते शहर २०१७ साली जागतिक वारसा झालं, पण माझ्या लक्षात चारावालाच राहिला.

बाबा, तुमचा मुद्दा मला माहीत आहे: २००३ च्या सिंहस्थात सरदार चौकात चेंगरून माणसं गेली, आग लागली तर बंब आत कसा येणार, म्हणून गल्ल्या रुंदच करायला हव्यात. बंब आत यायलाच हवा. पण त्याची वाट अडवतात उभ्या गाड्या, वाढवलेले ओटे आणि लोंबणाऱ्या तारा, त्या आधी हलवूया. वाडे कापून रस्ता रुंद केला तर तिथे आणखी गाड्या उभ्या राहतील. आणि गावाचं नुसतं कौतुकही मी करणार नाही. गंगेपलीकडे, म्हणजे आपल्या गोदावरीच्या त्या तीरावर, काळारामाच्या दारात २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि काही वर्षं चालला, कारण ते दार सगळ्यांना उघडं नव्हतं. शहराचं मध्य सगळ्यांचं असतं असं आपोआप होत नाही. म्हणूनच वाड्याचा पुढचा दुसरा गाळा भाड्याने न देता गल्लीतल्या कोणालाही बसता येईल अशी बैठक करायची आहे. आईचं गुरुवारचं भजनी मंडळही तिथेच.

लहानपणी गंगेला पूर आला की बाबा मला खांद्यावर घेऊन गाडगे महाराज पुलाकडे न्यायचात. नदीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागलं का, ते बघायचं. मला भीती वाटायची आणि मी तुमचे केस घट्ट धरायचे. घरी आलं की आई ओल्या पायांना खोबरेल चोळायची आणि तुम्हालाच रागवायची. आई, तुझ्या हाताचा तो खरखरीत स्पर्श आज हवासा वाटतो.

आता नीट ऐका. दिवाळी झाली की दुरुस्ती सुरू, मृगाच्या आत संपवायची. तेवढे महिने दादाकडे पाथर्डी फाट्याला राहायचं आहे. कुरकुर करायची नाही; तिथे तुम्हाला करमणार नाही हे कबूल, म्हणून तुमचा पेपर आणि आईची तुळस आधी जाईल. बाबा, ट्रंका स्वतः उचलायच्या नाहीत. जुनी बिलं, सात-बारे, आजोबांची डायरी काहीही रद्दीत घालू नका, मी येऊन वेगळं करेन. माळ्यावर चढायचं नाही, दोघांनीही. आई, रक्तदाबाची गोळी चहाआधी घे, ‘विसरले’ चालणार नाही. गुडघ्यांच्या डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे, दादा नेईल. कोणी सही मागायला आलं तर ‘मुलीला विचारा’ म्हणा आणि चहा देऊन वाटेला लावा.

चाचांना मी अजून काही सांगितलेलं नाही. तुम्हीच सांगा, तुमच्या तोंडून ऐकलेलं त्यांना बरं वाटेल. आणि आईला विचारून ठेवा, त्या पडद्यांचा रंग कोणता होता. माजघराच्या खिडकीला तोच लावू.

तुमचीच,
धाकटी