एम-८०च्या टाळ्या आणि भरताचे वांगे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचे घाटते आहे. मागच्या रविवारी विकासकाची माणसे गच्चीवरच्या सभेत आराखडे दाखवायला आली होती. पोडियम पार्किंग, जिम, सगळे दाखवून झाल्यावर त्यांचा तरुण इंजिनिअर म्हणाला, “खालच्या मजल्यांचे कॉलम एम-८०चे आहेत.” लगेच मागच्या रांगेतून एक काका म्हणाले, “मग आगीबिगीची काळजीच मिटली!” आणि टाळ्या पडल्या. मी नोकरीभर साइटवर काँक्रीट ओतून घेतले, क्यूब फोडले. त्या टाळ्या काही मला मानवल्या नाहीत. बोलायला दोन मिनिटे मिळाली, ती पुरली नाहीत. म्हणून हे पत्र.

एम-८० म्हणजे काँक्रीटचा १५ सेंटिमीटरचा ठोकळा २८ दिवसांनी यंत्रात दाबला, तर दर चौरस मिलिमीटरला ८० न्यूटन भार सोसतो. हा आकडा थंड ठोकळ्याचा आहे. आमची आत्ताची इमारत एकास-दोन-चार मिश्रणाची, म्हणजे जेमतेम एम-१५. तिच्या काँक्रीटमध्ये बारीक छिद्रे भरपूर. पावसाळ्यात आम्ही बादल्या लावतो आणि सळया गंजून फुगतात त्या त्यामुळेच. पण आगीत हाच दोष थोडा उपयोगी पडतो. काँक्रीट कितीही जुने झाले तरी त्यात पाणी असतेच, काही छिद्रांत तर काही सिमेंटच्या रासायनिक बांधणीत. तापल्यावर त्याची वाफ होते आणि जुन्या काँक्रीटमधून ती कुठूनतरी वाट काढते. एम-८०मध्ये पाणी कमी घातलेले, मायक्रोसिलिका या सिमेंटहून बारीक भुकटीने उरलीसुरली छिद्रे बुजवलेली. वाफ अडते, दाब वाढतो आणि वरचा थर फटाक्यासारखा आवाज करत ठिकऱ्या होऊन उडतो. आमच्या धंद्यात याला स्पॉलिंग म्हणतात. बहुधा आगीच्या पहिल्या अर्ध्या तासातच हे होते. चाचणीच्या प्रमाणित भट्टीत तेवढ्या वेळात ८४० अंश सेल्सिअस गाठलेले असतात, यावरून तापण्याचा वेग कळावा.

थर उडाला की खरे दुखणे सुरू होते. आय. एस. ४५६ ही आपली काँक्रीटची भारतीय संहिता कॉलमच्या सळयांवर ४० मिलिमीटरचे कव्हर, म्हणजे काँक्रीटचे पांघरूण, मागते, ते गंजाइतकेच आगीसाठीही. ते गेले की सळई उघडी पडते, आणि ५५० ते ६०० अंशांच्या आसपास पोलादाची ताकद निम्म्यावर येते. शिवाय थर उडाला नाही तरी उच्च क्षमतेचे काँक्रीट १०० ते ४०० अंशांच्या टप्प्यात साध्या काँक्रीटपेक्षा लवकर ढिले पडते. पाव ताकद तिथेच जाऊ शकते.

इंग्लंड-फ्रान्समधल्या चॅनेल बोगद्यात १८ नोव्हेंबर १९९६ रोजी मालट्रक वाहणाऱ्या गाडीला आग लागली. सुदैवाने कोणी दगावले नाही. बोगद्याचे अस्तर उत्तम प्रतीच्या, अतिशय मजबूत काँक्रीटचे होते, पण काही ठिकाणी त्याची बहुतेक जाडी झडून गेली. याउलट माद्रिदचा विंडसर टॉवर फेब्रुवारी २००५ मध्ये तासन्तास जळला. त्याचे वरच्या मजल्यांवरचे बाहेरचे पोलादी खांब कोसळले, काँक्रीटचा गाभा मात्र उभा राहिला. काँक्रीट आगीत चांगलेच असते. फक्त त्याचा एम-आकडा वाढवताना आगीचा विचार वेगळा करावा लागतो.

त्याचा उपाय घरोघरी ठाऊक आहे. भरताचे वांगे गॅसवर ठेवण्याआधी सुरीने टोचे मारतात. नाही मारले तर ते फुटून ओटाभर होते. काँक्रीटमध्ये टोचे मारण्याचे काम पॉलिप्रॉपिलीनचे केसासारखे बारीक तंतू करतात. १६०-१७० अंशांना ते वितळतात आणि त्यांच्या जागी वाफेला वाटा मिळतात. युरोपीय संहिता अशा काँक्रीटसाठी एका घनमीटरला किमान २ किलो तंतू हा एक पर्याय देते. तंतू घातले की मिश्रण चिकट होते, पंपवाले कुरकुरतात आणि मग साइटवर पहिली काट तंतूंनाच बसते, हेही सांगून ठेवतो. तंतू नकोत तर कॉलमना आगरोधक प्लास्टर किंवा बोर्ड लावता येतात. पण काहीतरी हवेच, आणि ते नकाशावर लिहिलेले हवे.

यातून घबराट पसरावी असा हेतू नाही. एका फ्लॅटच्या आगीने टॉवर पडत नाही, आणि स्प्रिंकलर चालू असतील तर आग बहुधा तेवढी वाढतही नाही. मात्र दार फोडून आत शिरणाऱ्या जवानाच्या डोक्यावरचा स्लॅब ठिकऱ्या उडवतो की नाही, हा प्रश्न त्याच्यापुरता फार मोठा असतो. काळबादेवीत मे २०१५ मध्ये जळती इमारत कोसळून अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले. ती इमारत जुनी होती, तिचा या काँक्रीटशी संबंध नाही. पण आत जाणाऱ्याला डोक्यावर काय आहे हे माहीत असावे, एवढे तरी आपण त्यावरून शिकायला हवे होते.

दुसरे, आगीनंतरचे. आमच्या गल्लीतल्या एका टॉवरमध्ये स्वयंपाकघर जळाले. गणपती तोंडावर होते, म्हणून दहा दिवसांत काजळी खरवडून, प्लास्टर मारून रंग लावून झाला. बीमवर हातोडी मारून पोकळ वाजते का, एवढेही कोणी पाहिले नाही. ३०० अंशांपुढे अनेक काँक्रीटांना गुलाबी झाक येते, पण आपल्या काळ्या खडीत ती ठळक दिसेलच असे नाही. म्हणून कोअर, म्हणजे काँक्रीटचा नळकांडीसारखा नमुना, काढून तपासणे बरे, तेही लगेच एकदा आणि काही आठवड्यांनी पुन्हा. कारण भाजलेले काँक्रीट थंड झाल्यावर हवेतले पाणी ओढून आणखी कमजोर होते, आणि मुंबईच्या हवेत पाण्याला काय तोटा! जानेवारी-जुलैचा फॉर्म बी, म्हणजे आगीच्या यंत्रणेचा दाखला, पंप, होज, स्प्रिंकलर पाहतो. पालिकेचे सक्तीचे स्ट्रक्चरल ऑडिट इमारत ३० वर्षांची झाल्यावर. मधल्या काळात जळालेल्या फ्लॅटचा स्लॅब कोणाच्याच वहीत नसतो. आग लागलेल्या मजल्याचा स्ट्रक्चरल दाखला घेतल्याशिवाय दुरुस्तीला हात लावू नये, असा नियम पालिकेने करावा. आपल्या बातमीदारांनीही आग विझल्यावर महिन्याभराने एकदा तिथे डोकवावे.

सभेत मी त्या तरुणाला विचारले, “एम-८०मध्ये तंतू आहेत का?” त्याने प्रामाणिकपणे डायरीत लिहून घेतले, “विचारून सांगतो सर,” म्हणाला. पुढची सभा येत्या रविवारी आहे. काकांना मी पहिल्या रांगेत बसायला सांगितले आहे.

आपला,
एक निवृत्त साइट इंजिनिअर, मुलुंड (पूर्व), मुंबई