वुल्व्हरहॅम्प्टनहून नांदेडला

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "श्रद्धा घरात असावी. नोकरीत ती कशाला आणायची?" मला वॉर्डात जायची घाई होती, म्हणून विषय तिथेच राहिला, पण मनातून काही जाईना. तुम्ही उभी हयात बँकेत काढलीत आणि टेबलाच्या काचेखाली कधी देवाचा फोटो ठेवला नाहीत. काउंटरपलीकडचा माणूस कोणत्याही जातीधर्माचा असो, त्याला परकं वाटता कामा नये, हे आम्ही तुमच्याकडे बघून शिकलो. म्हणूनच इथल्या शीख मुलामुलींबद्दल तुम्हाला सविस्तर लिहायचंय.

इथे इंग्लंडात, वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये शंभरातले बारा लोक शीख. आमच्या वॉर्डातला एक तरुण डॉक्टर इथेच जन्मलेला, केस-दाढी राखणारा, पगडी बांधणारा. रुग्णाला हात लावण्याआधी तो मनगटातलं कडं वर सरकवून घट्ट बसवतो, कोपरापर्यंत हात धुतो, मग कामाला लागतो. मनगट मोकळं असल्याशिवाय इथे रुग्णाजवळ जाता येत नाही. हे तो इतक्या सहज करतो की बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

2020 साली मात्र त्याच्यावर अवघड वेळ आली होती. कोविडचा मास्क चेहऱ्याला घट्ट चिकटून बसावा लागतो. मध्ये दाढी आली की फटीतून हवा आत शिरते. तेव्हा तो ज्या रुग्णालयात होता, तिथे त्याला सांगितलं, दाढी काढ नाहीतर कोविडच्या वॉर्डात येऊ नकोस. बरोबरचे लोक डबल ड्यूट्या करताहेत आणि आपण बाजूला बसलोय, हे त्याला फार लागलं. अशी वेळ पुष्कळांवर आली. मॉन्ट्रियलच्या दोन डॉक्टर भावांनी तर घरच्यांशी आणि जाणत्यांशी बोलून, जड मनाने दाढी उतरवली, कारण रुग्णांना सोडून राहणं त्यांना पटेना.

इथल्या शीख डॉक्टरांनी आणि दंतवैद्यांनी दुसरी वाट शोधली. दाढी बसवायला शीख पुरुष कापडाची पट्टी बांधतात, तिला ठाठा म्हणतात. या लोकांनी कापडाऐवजी ताणल्या जाणाऱ्या रबराचा पट्टा घेतला. तो हनुवटीखालून घेऊन सगळी दाढी झाकायची, डोक्यावर गाठ मारायची आणि मास्क त्या रबरावर बसवायचा. मग चाचणी. डोक्यावर झाकण चढवून आत कडू द्रावणाचा फवारा मारतात. माणसाने मान वळवायची, वाकायचं, मोठ्याने बोलायचं. जिभेला कडू लागलं की मास्क नापास. 27 जणांवर ही चाचणी झाली आणि 25 पास झाले. बेडफर्डशायर विद्यापीठातल्या प्राध्यापकाच्या सोबतीने त्यांनी ते रुग्णालयातल्या संसर्गाविषयीच्या नियतकालिकात छापलं. नाव दिलं 'सिंग ठाठा'.

बाबा, यात मला सगळ्यात मोलाचं काय वाटतं सांगू? आमच्यासाठी चाचणी सोपी करा, असं त्यांच्यातल्या कुणी म्हटलं नाही. रुग्णाच्या आणि सहकाऱ्यांच्या सुरक्षिततेत तसूभरही कमी होता कामा नये आणि केसही राहिले पाहिजेत, असं दोन्हीकडून स्वतःला बांधून घेतलं, आणि मग डोकं चालवलं. काउंटरवरच्या माणसाबद्दल तुमचा जो कटाक्ष होता, तोच मला इथे दिसतो.

याच गावात 1967 साली बसच्या एका शीख चालकाला पगडी-दाढीसकट कामावर येऊ दिलं नाही. मोर्चे निघाले, दोन वर्षं वाद पेटला आणि 1969 च्या एप्रिलमध्ये बंदी उठली. आधीच्या पिढीने ते भांडण अंगावर घेतलं, म्हणून आजची मुलं पगडी घालून वैद्यकीचा अभ्यास करतात, कोर्टात उभी राहतात.

आई, तू विचारलं होतंस ना, शनिवारी संध्याकाळी मी कुठे जाते? त्या डॉक्टरची बायको वकील आहे. ती दोघं आणि आणखी काही तरुण मिळून गुरुद्वाऱ्यातून डाळ-भात घेऊन बेघर आणि गरजू लोकांकडे जातात. मीही जाते. गाडीचं मागचं दार उघडलं की रांग लागते. कोण कुठला, नशा करतो का, असले प्रश्न नाहीत. एकदा जेवण झालेल्या एका म्हाताऱ्याने खिशातून चुरगळलेलं सरकारी पत्र काढलं. त्या वकील मुलीने ते गाडीच्या बॉनेटवर सपाट केलं, मोबाईलच्या उजेडात दोनदा वाचलं आणि म्हणाली, "यांनी तुम्हाला अजून घराबाहेर काढलेलं नाही. तुमच्या हातात मुदत आहे." पावसात उभी राहून तिने त्याचा अर्ज भरून दिला. दिवसा ऑफिसात याच कामाची ती फी घेते. शनिवारचं काम तिच्या लेखी दसवंध. कमाईचा दहावा भाग समाजाला द्यायचा, ही शीखांची रीत. ही मुलं त्यात वेळ आणि शिकलेली विद्यासुद्धा धरतात.

शीखांची तीन सूत्रं आहेत: नाम जपो, किरत करो, वंड छको. देवाचं नाव घ्या, कष्टाने कमवा, वाटून खा. यातलं मधलं, कष्टाचं, त्यांच्याकडे पूजेइतकंच महत्त्वाचं. मग ते नोकरीबाहेर ठेवायचं कसं? आनंदपूरच्या लढाईत भाई कन्हैया शत्रूच्या जखमींनाही पाणी पाजायचे. तक्रार झाली, तेव्हा गुरू गोविंदसिंगांनी त्यांना थांबवलं तर नाहीच, वर जखमांना लावायला मलमही दिलं. ही गोष्ट इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. 1999 मध्ये इंग्लंडच्या रवी सिंग यांनी 'खालसा एड' सुरू केली, ती कोसोवोच्या निर्वासितांसाठी. तिथे शीख कोण होतं? 2020 च्या डिसेंबरात फ्रान्सने सीमा बंद केली आणि केंटमध्ये हजारो ट्रकवाले अडकले, तेव्हा ग्रेव्हसेंडच्या गुरुद्वाऱ्यात रात्रीतून छोले रटरटले, आणि युरोपातल्या चालकांना रुचेल म्हणून पास्ताही. खाणाऱ्याच्या जिभेचा विचार करून रांधणं, आई, हे तुझ्यावाचून कुणाला कळणार?

आता कामाचं. ती दोघं, डॉक्टर आणि त्याची बायको, डिसेंबरात आपल्या नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याला येताहेत, मीही त्याच सुमारास रजा घेतेय. यात्री निवासात उतरायचं म्हणतात, पण दोन दिवस आपल्याकडे राहा, असं मी सांगून ठेवलंय. दोघंही शाकाहारी आहेत. तो पहाटेच दरबारात जाईल, तेव्हा बाहेरच्या दाराची किल्ली त्याच्याकडे द्या.

बाबा, गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत, त्यातली कितीतरी त्याला तोंडपाठ आहेत. नामदेवांच्या गावी, नर्सीला जायची त्याची फार इच्छा आहे. तुम्ही सोबत चला. वाटेत तुमचं म्हणणं त्यालाच विचारा, तो मोकळेपणाने बोलेल, आणि त्याला न पटलेलंही सांगेल. थंडीत तुमचा गुडघा धरतो, म्हणून ऊन पडल्यावर निघू. गाडीचं तेवढं आत्ताच बोलून ठेवा, डिसेंबरात मिळत नाही.

तुमची,
लेक