आजारी वडील, सर्टिफिकेट मुलाच्या नावाचे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आई-वडिलांच्या सेवेसाठी सरकारी नोकरांना ३० दिवसांची नवी रजा मिळाली, असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरतो. मूळ गोष्ट एवढीच, की जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांनी राज्यसभेत एका प्रश्नाला उत्तर दिले. वर्षाची ३० दिवसांची अर्जित रजा, २० दिवसांची अर्धपगारी रजा आणि ८ दिवसांची नैमित्तिक रजा केंद्रीय कर्मचाऱ्यांना कोणत्याही वैयक्तिक कारणासाठी घेता येते, त्यात वृद्ध आई-वडिलांची देखभालही आली, असे ते म्हणाले. नवे काहीच नव्हते. आणि आमच्या गोव्यात कुंडई-वेर्ण्याच्या कारखान्यांत, कळंगुटच्या हॉटेलांत राबणाऱ्यांचा तर त्या उत्तराशी संबंधच नव्हता. हे पत्र त्यांच्यासाठी: आजारपणाची रजा त्यांना घरच्यांच्या आजारालाही वापरता यावी म्हणून.

फोंडा तालुक्यातल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमधून मी निवृत्त झाले. रजेचे अर्ज माझ्याच टेबलावर यायचे. एखाद्याचे वडील बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) अ‍ॅडमिट आहेत हे सगळ्या डिपार्टमेंटला ठाऊक, सुपरवायझर तिथे जाऊन बघूनही आलेला, आणि अर्जाला जोडलेले सर्टिफिकेट मात्र मुलाच्या नावाचे: व्हायरल फीवर, तीन दिवस विश्रांती. कारण सिक लीव्ह ज्याची त्याच्याच आजाराला. अर्जित रजा हवी तर अर्ज आधी द्यायला हवा, आणि अर्धांगाचा झटका काही आगाऊ कळवून येत नाही. डॉक्टर, कामगार, मॅनेजर, कोणाचीच यात फसवणूक होत नसे, कारण खरे सगळ्यांनाच माहीत असे. एखादा सरळमार्गी 'वडील आजारी' असे खरे कारण लिहायचा. त्याचे ते दिवस बिनपगारी लागायचे.

ईएसआयमधल्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेतल्या, कामगाराची गत तर आणखी विचित्र. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ही योजना लागू होते. तो स्वतः आजारी पडला तर लागोपाठच्या दोन (सहा-सहा महिन्यांच्या) लाभ-कालावधींत मिळून ९१ दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या ७० टक्के रोख मिळतात. त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईला उपचारही त्याच कार्डावर मिळतात. पण त्या आईला मडगावच्या ईएसआय रुग्णालयात न्यायचे कोणी, तिच्या उशाशी बसायचे कोणी? ज्याच्या कार्डावर तिची औषधे निघतात, त्याला त्या दिवसाचा पगार नाही. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने नोकरदार बाईचे सासू-सासरेही, उत्पन्नाची अट घालून, कुटुंबात धरले आहेत. (पुरुषाचे सासू-सासरे बाहेरच राहिले, ते असो.) औषधापुरते जे कुटुंबात आले, ते रजेपुरते परके कसे?

दुसऱ्या बाजूला आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा मुलांना बजावतो, की आई-वडिलांना अन्न, वस्त्र, निवारा आणि वैद्यकीय उपचार देणे हे तुमचे कर्तव्य. त्यांना टाकून दिलेत तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कर्तव्य सांगितले, शिक्षा सांगितली, वेळ कुठून आणायचा ते कोणी सांगितले नाही. लहान मुलांसाठी केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना नोकरीभरात ७३० दिवसांची बाल संगोपन रजा आहे, आणि ती योग्यच आहे. म्हाताऱ्यांसाठी तसले काही नाही.

गोव्यात हे जास्त बोचते. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढच्यांचे प्रमाण केरळात १२.६ टक्के आणि त्याच्या पाठोपाठ गोव्यात ११.२ टक्के होते. आज ते वाढलेलेच असणार. एक मुलगा आखातात किंवा बोटीवर, दुसरा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात, आणि मागे राहिलेल्या एकट्याच्या किंवा एकटीच्या गळ्यात सगळे. पेशंटसोबत वॉर्डात घरचे माणूस लागतेच, बायकांच्या वॉर्डात तर बाईमाणूसच. म्हणजे लेक नाही तर सून. चवथीसाठी, म्हणजे गणेश चतुर्थीसाठी, वर्षभर जपून ठेवलेली रजा अशीच आईच्या ऑपरेशनात जाते, मग गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायच्या दिवशीही ती बाई कामावर असते. हॉटेलवाल्यांचे तर बोलायलाच नको. सीझनमध्ये रजा मागणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडणे.

माझे म्हणणे रजा वाढवा असे नाही. आहेत तेवढेच आजारपणाचे दिवस घरच्यांच्या आजारालाही वापरू द्या. ऑस्ट्रेलियात पूर्णवेळ कर्मचाऱ्याला वर्षाला १० दिवसांची भरपगारी रजा असते. स्वतःच्या आणि घरच्यांच्या आजारपणाला मिळून एकच खाते, आणि मालकाने पुरावा मागितला तर तो द्यावा लागतो. आपल्याकडे पुरावा याहून सोपा. पेशंटच्या नावाचा केस पेपर किंवा डिस्चार्ज कार्ड जोडावे. दोन्हींवर तारीख असते, हॉस्पिटलचा शिक्का असतो. विकतच्या व्हायरल फीवरपेक्षा हा कागद केव्हाही भरवशाचा, आणि गैरफायदा घेतील म्हणणाऱ्या मालकांनी आत्ता फायलीत काय लावलेले आहे तेही एकदा बघावे. चार माणसांवर चालणाऱ्या खानावळीला हे जड जाईल, हे मला मान्य आहे. तिथे थोडे कमी दिवस ठरवता येतील. शंभर-दोनशे माणसांच्या कंपनीने मात्र ही सबब सांगू नये.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता देशभर लागू झाल्या आहेत. संहितेत आहे त्यापेक्षा जास्त सवलत द्यायला कंपन्यांना कोणी अडवलेले नाही. तेव्हा कामगार खात्याने मालकांच्या आणि कामगारांच्या संघटनांना एकत्र बसवून हा मुद्दा घ्यावा. युनियनवाल्यांनाही एक विचारायचे आहे. पगारवाढीच्या प्रत्येक करारात कॅन्टीन आणि गणवेशावर रात्र-रात्र बैठका होतात. पुढच्या मागणीपत्रात 'आजारपणाची रजा आई, वडील, सासू, सासरे, नवरा, बायको व मुलांच्या आजारासाठीही ग्राह्य' एवढी ओळ घालणार का? मालकाला तिचा जादा खर्च एका दिवसाचाही नाही, कारण दिवस तेच आहेत.

आपली,
एक निवृत्त टाइमकीपर,
बोरी, फोंडा